कोणाच्या हाताची खूण?

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचे संग्राहक नियतकालिके कशी पाहतात, हे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना आमच्या म्हणण्याचा रोख चटकन कळेल. साठ-सत्तरच्या दशकातल्या एखाद्या मैफलीचे छायाचित्र छापलेले असते. गायक घामाघूम, दिव्याचा झोत त्याच्या चेहऱ्यावर, गिटारवादक मागे अर्ध्या अंधारात. सामान्य वाचक चेहरे पाहतो. संग्राहकाची नजर थेट वादकाच्या कमरेपाशी जाते. लाकडाचा रंग, तारांखालच्या पट्टीचा आकार, मानेच्या टोकाला बसवलेल्या खुंट्या, एवढ्यावरून तो वाद्याचा कारखाना आणि साल सांगतो. कित्येकदा तर ‘ही अमक्या वादकाची अमकीच गिटार’ असे नेमके बोट ठेवतो. १९६७ साली सुरू झालेले ‘गिटार प्लेअर’ असो किंवा १९८६ साली नॉर्थ डाकोटातल्या बिस्मार्क गावी जन्मलेले ‘व्हिंटेज गिटार’ असो, अशा मासिकांचे जुने अंक ही मंडळी पोथ्यांसारखे सांभाळतात आणि पुनःपुन्हा चाळतात. वाचण्यासाठी कमी, ओळखण्यासाठी अधिक.

आम्ही काही जण महाविद्यालयांत मराठी साहित्य शिकवतो. या छंदाचा विषय निघाला की आमच्या व्यवसायबंधूंकडून येणारी प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘वस्तुपूजा’ हा एक शब्द उच्चारला की प्रकरण मिटले! माणूस सोडून वस्तू पाहणे, कला सोडून साधन पाहणे, संगीत सोडून लाकूड पाहणे, ही उत्तर-भांडवली अभिरुचीची विकृती होय, असा निकाल देऊन मंडळी चहाकडे वळतात. हा निकाल आम्हांला मान्य नाही. त्याचबरोबर, संग्राहक आपल्या नजरेचा जो उपयोग करतात तोही आम्हांला मान्य नाही. आमचे भांडण असे दोन्ही आघाड्यांवर आहे आणि ते वेगवेगळे करूनच मांडले पाहिजे.

पहिली आघाडी आमच्या बंधूंची. ज्याला ते वस्तुपूजा म्हणतात ती मुळात काय आहे, हे त्यांनी पाहिले आहे काय? फेंडर कंपनीची ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार १९५४ सालापासून बाजारात आहे. तिचे ढोबळ रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही. परंतु १९५९ साली मेपलच्या मानेवर शिसवी जातीच्या लाकडाची जाड पट्टी आली आणि १९६२ साली ती पातळ झाली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपनीचे नाव शेवयांसारख्या बारीक अक्षरांत होते, पुढे ते ठळक झाले. १९६५च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना फेंडर विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गिटारीच्या मानेचे टोक, म्हणजे हेडस्टॉक, रुंद झाले. धूसर छायाचित्रात यांतल्या दोन खुणा जरी दिसल्या, तरी जाणकाराला वाद्याचा काळ चार-दोन वर्षांच्या अंतराने निश्चित करता येतो.

उलट दिशेचा प्रवासही होतो. डेव्हिड गिल्मर यांनी १९७० साली न्यूयॉर्कमध्ये घेतलेल्या काळ्या स्ट्रॅटवर सुरुवातीला पांढरी पट्टी होती. १९७४ साली ती जाऊन काळी आली. त्यामुळे ‘पिंक फ्लॉइड’चे तारखेविना छापलेले छायाचित्र त्या सालाच्या अलीकडचे की पलीकडचे, हे त्या पट्टीवरून सांगता येते. येथे छायाचित्र गिटारीचा काळ सांगत नसून गिटार छायाचित्राचा काळ सांगते आहे. ही विकृती नव्हे. ही पाठचिकित्सा आहे. भांडारकर संस्थेत सुखठणकर आणि त्यांचे सहकारी महाभारताच्या पोथ्या समोर मांडून बसले, तेव्हा ते याच जातीचे काम करीत होते. बारीक भेद टिपायचे, ते जुळवायचे आणि त्यांतून वंशवृक्ष उभा करायचा. संहितेचा तपशील न पाहता थेट आशयावर झेप घेणाऱ्या आमच्या बंधूंनी संग्राहकाला हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, पाहण्याची शिस्त तरी त्याच्यापाशी आहे.

या शिस्तीतून न्यायही घडू शकतो. कॅनडाचे रँडी बॅखमन यांची १९५७ सालची नारिंगी ‘ग्रेच’ गिटार सत्तरच्या दशकात टोरांटोच्या एका हॉटेलातून चोरीला गेली. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, २०२० साली, त्यांच्या एका चाहत्याने घरबसल्या तिचा माग काढला. जुन्या चित्रांत गिटारीच्या दर्शनी लाकडावर एक गाठ दिसत होती. तेवढी खूण हाती धरून त्याने आंतरजालावरच्या असंख्य गिटारींची चित्रे पडताळली आणि ताकेशी या जपानी संगीतकाराच्या हातात तीच गाठ असलेली गिटार त्याला सापडली. ताकेशी यांनी ती टोकियोतल्या दुकानातून रीतसर विकत घेतली होती. १ जुलै २०२२ रोजी टोकियोत बॅखमन यांनी त्याच जातीची, त्याच सालची दुसरी गिटार त्यांना देऊन आपली परत घेतली. झाडाच्या अंगावरची एक गाठ, एक सजग डोळा, आणि एका माणसाला त्याचे तारुण्य परत मिळाले. वस्तुपूजा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी या डोळ्याला दुसरे नाव शोधावे.

नजर खरी आहे, तेव्हा पहिल्या आघाडीवर एवढे पुरे. आता दुसरी.

ओळख पटल्यावर संग्राहक काय करतो? तो किंमत करतो. आणि ही किंमत कशी ठरते, हे नीट पाहिले की या नजरेने स्वतःशीच केलेला द्रोह उघडा पडतो.

गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल स्टँडर्ड’चे उदाहरण घ्या. मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावच्या कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात या गिटारीला लाल-पिवळ्या सूर्यास्ती छटेचे रोगण दिले जाई. संग्राहक तिला नुसते ‘बर्स्ट’ म्हणतात. त्या तीन वर्षांत अशा सुमारे दीड हजार गिटारी निघाल्या. तेव्हा किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती आणि तरीही खप नव्हता. १९६० नंतर कंपनीने हे रूपच बंद केले. मग साठच्या दशकाच्या मध्यास एरिक क्लॅप्टन, माइक ब्लूमफील्ड अशा वादकांनी जुन्या बाजारातून या गिटारी उचलल्या, त्यांची छायाचित्रे छापून आली, तबकड्या घरोघर गेल्या, आणि नको असलेला माल हवाहवासा झाला. आज बर्स्टच्या किमती लाखो डॉलरांत आहेत. या गिटारींच्या दर्शनी मेपलवर जे नैसर्गिक पट्टे असतात ते प्रत्येकीचे वेगळे, बोटांच्या ठशांसारखे. लाल रंग उजेडात उडतो, तोही प्रत्येकीचा वेगळ्या तऱ्हेने. म्हणून छायाचित्रावरून नेमकी गिटार ओळखता येते. ज्या मासिकांत आज संग्राहक आपली लाडकी गिटार शोधतो, त्याच जातीच्या छापील चित्रांनी ती एके काळी लाडकी केली, हे त्याला ठाऊक असते. परंतु ठाऊक असलेले सगळेच हिशेबात धरले जात नाही.

हिशेबात धरला जातो तो ‘मूळ’पणा. बाजाराचे शास्त्र असे: गिटार कारखान्यातून निघाली तशीच असली पाहिजे. खुंट्या बदलल्या, किंमत उतरली. तारांचे कंपन विजेत पकडणारे पिकअप बदलले, आणखी उतरली. नव्याने रंग दिला, तर किंमत निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब दुकानदार सांगतात. ज्या खुणांवरून गिटारीचे आयुष्य वाचता यावे, त्या सगळ्या खुणा उणे चिन्हाने मोजल्या जातात.

आता याच शास्त्राने दोन गिटारी तपासू. क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार १९७० साली नॅशव्हिलमध्ये स्वस्तात घेतलेल्या अनेक जुन्या स्ट्रॅटांचे उत्तम उत्तम भाग काढून जोडलेली. तिला एक साल नाही, एक मूळ नाही. संग्राहकाच्या कोष्टकात ती ‘सुट्या भागांची मोळी’ ठरायला हवी. २००४ साली ती क्रिस्टीज या लिलावगृहात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली. गिल्मर यांची वर उल्लेखिलेली काळी स्ट्रॅट सीबीएसच्या काळातली, म्हणजे संग्राहकांच्या मते ऱ्हासकाळातली. तिची मान अनेकदा बदलली, पट्टी बदलली, पिकअप बदलले. २०१९ साली ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना विकली गेली.

हा अपवाद नव्हे. हाच नियम आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे: प्रसिद्ध हाताने केलेला बदल म्हणजे इतिहास, अनामिक हाताने केलेला बदल म्हणजे नुकसान. लग्नसमारंभात आणि बारमध्ये वाजवून पोट भरणाऱ्या कोणा वादकाने १९७१ साली झिजलेली खुंटी बदलली, कारण त्या रात्री त्याला सुरात वाजवायचे होते. त्याची ती खुंटी पुढच्या पिढीच्या संग्राहकाला सलते. तो जुनी खुंटी शोधतो, बसवतो, आणि एका माणसाचे आयुष्य त्या लाकडावरून पुसून टाकतो. याला तो ‘जीर्णोद्धार’ म्हणतो!

पीटर ग्रीन यांची १९५९ची लेस पॉल पाहा. तिचा मानेकडचा पिकअप उलटा बसवलेला आहे. त्याचे स्क्रू ज्या बाजूला हवेत त्याच्या विरुद्ध बाजूला आहेत आणि छायाचित्रात ते साफ दिसते. मात्र दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की निघणारा तिचा तो पोकळ, अनुनासिक, दुरून आल्यासारखा आवाज या दिसणाऱ्या उलटेपणाचा नाही. तो आत, डोळ्यांआड, चुंबक उलटा बसल्यामुळे आलेला आहे. कोणा अप्रसिद्ध वादकाच्या गिटारीत असे निघते तर दुकानदाराने ‘दोष’ म्हणून नोंद केली असती आणि दुरुस्तीला धाडले असते. ग्रीन यांच्याकडून ती गॅरी मूर यांच्याकडे आणि २०१४ साली ‘मेटॅलिका’च्या कर्क हॅमेट यांच्याकडे आली. हॅमेट ती रंगमंचावर वाजवतात, हे त्यांना शोभणारे आहे. पण प्रश्न उरतोच. असे किती उलटे चुंबक, किती अपघाती आवाज, निव्वळ वादकाचे नाव मोठे नसल्यामुळे ‘मूळपदावर’ आणले गेले असतील?

झिजेचीही तीच कथा. आयर्लंडचे रोरी गॅलाघर यांनी १९६३ साली कॉर्कमध्ये घेतलेल्या स्ट्रॅटचे बहुतेक रोगण त्यांच्या घामाने आणि अविरत वाजवण्याने उडून गेले होते. खालचे उघडे लाकूड हाच तिचा चेहरा झाला. १९९५ सालापासून फेंडरने नव्या गिटारी मुद्दाम खरवडून, डागाळून, गंजवून ‘रेलिक’ म्हणून विकायला सुरुवात केली. गॅलाघर यांच्या गिटारीची उडालेल्या रंगासकट हुबेहूब नक्कलही निघाली. म्हणजे खरी पण अनामिक झीज किंमत उतरवते, आणि खोटी पण नामांकित झीज किंमत चढवते. याहून स्पष्ट कबुलीजबाब बाजाराने आणखी काय द्यावा? २०२४च्या लिलावानंतर गॅलाघर यांची मूळ गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे देण्याचे ठरले, हे चांगलेच झाले. परंतु गॅलाघर यांच्याइतकाच घाम गाळलेल्या आणि नाव न झालेल्या वादकांच्या गिटारींना पुन्हा रंग चढवला जात आहे.

आणि वादकाच्याही आधीचा हात? लाकूड तासणारा, तार गुंडाळणारा? फेंडरच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात माना तासणारे तादेओ गोमेझ यांची ‘टी.जी.’ ही आद्याक्षरे कित्येक मानांच्या टोकाशी पेन्सिलीने लिहिलेली सापडतात. संग्राहक मान खोलून ती अक्षरे पाहतो, हरखतो, आणि कशासाठी? शेजारी लिहिलेल्या तारखेसाठी. ॲबिगेल यबार्रा १९५६ साली फेंडरमध्ये आल्या आणि अर्धशतकाहून अधिक काळ पिकअपची वेटोळी गुंडाळत राहिल्या. त्यांचे नाव अखेर लोकांना कळले, पण तेही किमतीचे एक कलम होऊन. छायाचित्रातल्या गिटारीचा आवाज निम्मा वादकाचा असेल, तर निम्मा या स्त्रीच्या बोटांचा आहे. छायाचित्राखाली मात्र नाव एकट्या वादकाचे येते.

छायाचित्र वेगळ्या रीतीने पाहता येते याचे एक उदाहरण याच क्षेत्रात आहे, म्हणून ते आम्ही मुद्दाम देतो. तेथील गिटारी विजेच्या नव्हेत, साध्या लाकडी आहेत. पण कारखाना तोच, कालामाझूचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिब्सनने वाद्ये जवळपास बनवलीच नाहीत, असा समज रूढ होता. जॉन टॉमस या अमेरिकन लेखकाच्या हाती १९४४ सालचे एक छायाचित्र आले. कारखान्यासमोर स्त्रिया रांगांनी बसलेल्या. त्यांनी चित्रातली वस्तू सोडून चेहरे पाहिले आणि प्रश्न विचारला: या कोण? पुरुष युद्धावर असताना त्या काळातल्या, आज संग्राहकांना अतिप्रिय असलेल्या गिटारी प्रामुख्याने या स्त्रियांनी घडवल्या होत्या. टॉमस त्यांच्यापैकी हयात असलेल्यांना शोधत गेले, त्यांच्याशी बोलले आणि त्यातून ‘कालामाझू गॅल्स’ हे पुस्तक उभे राहिले. नजर तीच, संग्राहकाचीच. फरक एवढाच की ती किमतीपाशी थांबली नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे सारे सांगण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. महाकवीच्या हस्तलिखितातली खाडाखोड आपण काचेखाली ठेवतो. जुन्या पुस्तकाच्या समासात कोणा अज्ञात वाचकाने पेन्सिलीने लिहिलेले असले, की तीच प्रत ‘खराब’ ठरते आणि रद्दीच्या दुकानातही तिचा भाव पडतो. परीक्षेची प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याला काय विचारते? उतारा ओळखा, कालखंड ओळखा, प्रवाह ओळखा. ओळखले की गुण मिळतात. संग्राहकाच्या हातातल्या किंमतपत्रकात आणि या गुणपत्रिकेत तत्त्वतः काय अंतर आहे? दोन्हीकडे ओळख हा शेवट मानलेला आहे.

पाठचिकित्सेची परंपरा याहून उदार आहे. तिच्यात अनामिक लेखनिकाची चूक टाकाऊ नसते. दोन पोथ्यांत तीच चूक सापडली, तर त्या एका कुळातल्या, हे त्या चुकीवरून कळते. झोपेने डोळे जड झालेल्या कोणा नकलकाराचा निसटलेला शब्द संशोधकाला साक्षीदारासारखा उपयोगी पडतो. सुधारून ‘शुद्ध’ केलेली पोथी उलट साक्ष नष्ट करते. बदललेल्या खुंटीकडे, पुन्हा मारलेल्या रंगाकडे, समासातल्या पेन्सिलीकडे याच न्यायाने पाहिले पाहिजे.

यावर संग्राहक म्हणतील, आम्ही जपले नसते तर ही वाद्ये उरलीच नसती. खरे आहे. साठच्या दशकात कवडीमोल ठरलेल्या गिटारी त्यांनीच उचलल्या, नोंदी त्यांनीच ठेवल्या, छायाचित्रे त्यांनीच जुळवली. हे ऋण आम्ही नाकारत नाही. परंतु जपणे म्हणजे गोठवणे नव्हे. वूडस्टॉकला १९६९ साली जिमी हेंड्रिक्स यांनी जी पांढरी स्ट्रॅट वाजवली ती १९६८ची होती, रुंद हेडस्टॉकची, सीबीएसच्या ‘पडत्या’ काळातली. उजव्या हाताच्या माणसासाठी घडलेली ती गिटार त्यांनी उलटी धरली आणि तारा फिरवून लावल्या. कारखान्याच्या हेतूशी तेवढी बेइमानी केल्याशिवाय त्या डावऱ्या हाताला ती वाजवताच आली नसती. मूळपणाचे कोष्टक घेऊन बसणाऱ्याने त्या सकाळी काय ऐकले असते?

तेव्हा संग्राहकांकडे आमचे मागणे साधे आहे. मासिकातल्या छायाचित्रातली गिटार जरूर ओळखा, साल सांगा, लाकडावरची गाठ दाखवा. त्यानंतर कोष्टक उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ही कोणी घडवली? ही कोणी कोणी वाजवली? आणि आज ही कोणाला ऐकू येते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणालाच नाही, ती तिजोरीत आहे’ असे असेल, तर छायाचित्रातली गिटार तुम्ही ओळखली असेल, पण ती तुमच्यापाशी आहे असे म्हणू नका. आणि आमच्या बंधूंकडे मागणे याहून कमी नाही. हसू आवरा आणि पुढच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत ‘ओळखा’ या क्रियापदापुढे आणखी एक प्रश्न लिहा.